कळंब्याचं लोखंडी झाकण

२ जून २०२४. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आंघोळीवरून वाद झाला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका जन्मठेपेच्या बंद्याचा त्यात जीव गेला. डोक्यात घातलं गटाराचं लोखंडी झाकण. आरोप पाच न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्यांवर आहे. अशा बातमीखाली लोक काय लिहितात ते ठरलेलं असतं: "गुन्हेगारच ते, मरू देत एकमेकांना मारून." मला ते अजिबात पटत नाही. विचारायचं ते हे, की झाकण हाताने उचलता येईल असं सुटं का होतं, आणि नळावर रांग किती होती.

आदर्श कारागृह नियमावली सांगते, दहा बंद्यांमागे आंघोळीची एक जागा हवी आणि माणशी दिवसाला साधारण १३५ लिटर पाणी हवं. आता एका बराकीत ८० माणसं धरा, चालू नळ तीन, आणि सकाळी बराक उघडल्यावर पाणी तासभर. म्हणजे माणशी सव्वादोन मिनिटं. त्यात ज्याला त्या दिवशी कोर्टाची तारीख आहे त्याला घाई, आणि ज्याची बराकीत वट आहे तो बादली घेऊन सरळ पुढे. पहिला धक्का इथे बसतो. टोळीचं वैर असेल तर त्याला निमित्त लागतं, आणि ते निमित्त नळ रोज सकाळी पुरवतो.

झोपायच्या जागेचंही तेच. नियमाप्रमाणे बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे चाळीसेक चौरस फूट. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४ होती तेव्हाही तिथे तीन हजारांवर माणसं राहिलेली आहेत. चौपट गर्दीत माणशी दहा चौरस फूट उरतात: दोन फूट रुंद, पाच फूट लांब. कुशीवर झोपायचं, वळायचं तर शेजाऱ्याला उठवायचं. अशा ठिकाणी पंख्याखालची किंवा भिंतीकडेची जागा म्हणजे मालमत्ता होते. ती कोण वाटतो? कागदावर तुरुंगाधिकारी. प्रत्यक्षात तो वाटत नसेल, तर बराकीतला दादा वाटतो आणि त्याची वसुलीही करतो. न देणाऱ्याला संडासाजवळची जागा.

सगळ्यात कमी चर्चा होते ती गमावण्यासारखं काय आहे याची. पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या, कैद्याला शिक्षेत माफी मिळते, घरी जायला संचित रजा मिळते, खुल्या कारागृहात जाण्याची आशा असते. मारामारी केली की हे सगळं जातं, म्हणून जन्मठेपेवाले बहुधा शांत असतात. कच्च्या, म्हणजे न्यायाधीन, कैद्याकडे यातलं काहीच नसतं, आणि देशातल्या तुरुंगांत चारातले तीन बंदी कच्चेच आहेत. त्याला शिक्षा करायची म्हणून कॅन्टीन बंद, मुलाखत बंद, फोन बंद. पण आईची मुलाखत आणि आठवड्याचा फोन हेच तर त्याला आवरून धरत असतात! तेच कापलं की तो मोकाट सुटतो. येरवड्यात २०२३ मध्ये स्मार्ट कार्डाचे फोन सुरू झाले. माझ्या मते ही सुरक्षेचीच सोय आहे, आणि तिच्याकडे लाड म्हणून बघणाऱ्यांनी बराकीतली संध्याकाळ समजून घ्यावी.

कारण संध्याकाळ वाईट असते. कोर्टात सोबत न्यायला पोलीस मिळाले नाहीत म्हणून तारखेला नेलंच नाही, पुढची तारीख कोणी सांगितली नाही, जामिनाचं काय झालं ते कळलं नाही, आणि लगेच बराकीला कुलूप. त्यात पोरगा विशी-बाविशीतला आणि पहिल्यांदाच आत आलेला असेल तर संरक्षणासाठी कुठल्या तरी टोळीच्या सावलीत जातोच. म्हणून नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवावं लागतं. "जागा नाही" म्हणून त्यांना सराईतांच्या बराकीत ढकललं की टोळीला फुकटात भरती मिळते.

आणि हत्यारं? झडतीत मोबाईल, गांजा, चार्जर शोधतात, शोधावेतच. पण कळंब्यात झाकण वापरलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये येरवड्यातल्या खुनात कात्री आणि दाराच्या बिजागरीचा तुकडा. हत्यार इमारतीच्याच अंगावर होतं. झडतीच्या पथकात एक सुतार-लोहार हवा: सैल स्क्रू, हलणारी जाळी, फुटकी फरशी बघणारा. स्क्रूचं डोकं वेल्ड करायचं, झाकणाला कडी लावून कुलूप घालायचं, केस कापायच्या कात्र्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. किती खर्च येतो याला?

कॅमेऱ्यांवर मात्र भाबडा भरवसा नको. २ मे २०२३ ला दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका बंद्याला मारायला हल्लेखोर वरच्या मजल्यावरचे गज कापून चादरींच्या आधाराने उतरले, आणि जखमीला उचलून नेताना रक्षकांसमोर त्याच्यावर पुन्हा वार झाले. कॅमेऱ्यात सगळं नीट दिसतं. अडवलं कोणीच नाही. नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक आहे. ती पदं भरलेली नसताना नुसत्या पडद्याने काय अडणार?

कारागृहांना पाहणी करणारं अभ्यागत मंडळ असतं, जिल्हा न्यायाधीश भेट देतात. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे: स्वयंपाकघरात वरण चाखून परत फिरू नका. सकाळी बराक उघडायच्या वेळेला जा, चालू नळ मोजा. त्या आठवड्यात तारखेला न नेलेल्यांची यादी मागा. आणि बराकीतल्या सगळ्यात नव्या पोराला बाजूला घेऊन एवढंच विचारा, "रात्री कुठे झोपतोस, आणि ती जागा तुला कोणी दिली?"