टांगानिकातून नाईलमार्गे सुएझ? आधी नकाशा उघडा

भाचा एमपीएससी करतोय. परवा त्याने अभ्यासिकेतून एक फॉरवर्ड पाठवला आणि वर विचारलं, "मामा, नोट्समध्ये घेऊ का?" तेच लिखाण त्याआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा फिरून गेलेलं. म्हणणं असं: पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात दोन ब्रिटिश मोटारबोटींनी जर्मनांचं अजस्र जहाज 'ग्योत्सेन' बुडवलं. ते वाचलं असतं, तर जर्मन सरोवरातून नाईलमध्ये उतरले असते, सुएझ तुटला असता आणि हिंदुस्थान १९१६ सालीच मोकळा झाला असता.

अहो, टांगानिकाचं पाणी नाईलला मिळतच नाही! ते लुकुगा नदीने पश्चिमेला काँगोच्या खोऱ्यात आणि तिथून अटलांटिकमध्ये जातं. नाईलचा संशय इंग्रज प्रवासी बर्टनच्या काळातला. १८७१ साली लिव्हिंगस्टन आणि स्टॅन्ली हे शोधप्रवासी होडीने सरोवराच्या उत्तर टोकाला गेले, तेव्हा रुझिझी नदी बाहेर जात नाही, आत येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हा एवढा एक पुरावा पुरे. नाशिककरांनी तरी हे पुढे ढकलू नये. गुलामगिरीतून सोडवलेली, आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेली आफ्रिकन मुलं १८६६ साली लिव्हिंगस्टनबरोबर निघाली होती. इंग्रज त्यांना 'नासिक बॉईज' म्हणत. शरणपूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे कुणाला आठवणार म्हणा.

आणि ते जहाज सरोवरात आलं कसं? जर्मनीत पापेनबुर्गला बांधलं, सुटं केलं, सुमारे ५,००० खोक्यांत भरलं, दारेसलामपर्यंत समुद्राने आणि पुढे सरोवरकाठच्या किगोमाला रेल्वेने. बाहेर काढायचं तर पुन्हा खोक्यांतच. किगोमाहून सुएझ सरळ रेषेत जवळजवळ ४,००० किलोमीटर.

बोटींनी ते बुडवलं, हेही खोटं. 'मिमी' आणि 'टूटू' या ब्रिटिश बोटींनी डिसेंबर १९१५ मध्ये 'किंगानी' ही जर्मन बोट पकडली आणि पुढच्या फेब्रुवारीत 'मिमी'ने, त्याच पकडलेल्या बोटीला सोबत घेऊन, दुसरी जर्मन बोट 'हेडविग फॉन विसमान' बुडवली. 'ग्योत्सेन'च्या वाटेला त्यांचा कमांडर स्पायसर-सिमसन गेलाच नाही. जुलै १९१६ मध्ये जर्मनांनीच, इंजिनांना ग्रीस फासून, ते बुडवलं. इंग्रजांनी १९२४ साली वर काढलं आणि १९२७ पासून ते 'लिएम्बा' या नावाने प्रवासी वाहू लागलं.

बोटी हत्तींनी ओढल्या, असंही त्यात आहे. बैल आणि वाफेची इंजिनं होती, सोडा.

एक मात्र कबूल करावं लागतं. सरोवराला महत्त्व होतं. केपटाउनहून ४० फुटी बोटी रेल्वेने आणून डोंगरातून ओढत नेणं हा उगाच उद्योग नव्हता. जर्मन तिथे निर्धास्त फिरत होते आणि काँगोतले बेल्जियन काठावर अडकले होते. त्यामुळे 'बोटी पोचल्याच नसत्या तर?' हा प्रश्न रास्त आहे. पण उत्तर पाण्यात नाही, रुळांवर आहे. 'ग्योत्सेन'चा सगळा जीव दारेसलाम-किगोमा लोहमार्गात. १९१६ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूचा सेनापती स्मट्स याचं सैन्य उत्तरेकडून त्या मार्गावर उतरलं, बेल्जियन रुआंडा-उरुंडीतून जमिनीने आले, सप्टेंबरपर्यंत दारेसलामही गेलं आणि त्याच मार्गावरचं टबोराही. जहाज शाबूत असतं तरी मागे रूळ नव्हते. फार तर काही आठवडे लांबले असते.

हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचं काय बोलायचं! जर्मनांकडे तिथे अस्करी, म्हणजे आफ्रिकन शिपाई, धरून जेमतेम १४,००० माणसं होती. समुद्र ब्रिटिशांचा, जर्मन युद्धनौका 'क्योनिग्सबेर्ग' जुलै १९१५ मध्येच रुफिजी नदीच्या मुखात संपलेली. आणि जहाज गेल्यावर जर्मन हरले म्हणावं, तर त्यांचा सेनापती लेट्टो-फोरबेक त्यानंतर दोन वर्षांहून जास्त लढला. २५ नोव्हेंबर १९१८ ला त्याने शस्त्रं खाली ठेवली, तीही युरोपात युद्ध थांबल्याची बातमी पोचल्यावर.