घरट्यावरचा नर आणि दोन फूट पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातला एक मुद्दा मला मान्य आहे आणि तो घाईत दोन ओळींत मान्य करून मोकळं व्हायचं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. वसंतात उथळ पाण्यात पॅनफिश, म्हणजे ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी असे तव्यात अख्खे मावणारे मासे कसे गरवायचे, यावर मी मार्चमध्ये लिहिलं होतं. तुम्ही मूळचे पेणचे, आता शिकागोजवळ राहता. तुम्ही लिहिलंत, ‘गावाकडे आम्ही पोरांना सांगतो, वलगणीच्या माशांना हात लावू नका, आणि तुम्ही अमेरिकेत बसून लोकांना अंड्यांवरचे मासे धरायला शिकवता.’ (वलगण म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला शेतात चढणारे मासे, त्यावर पुढे बोलते.) दुसरं म्हणजे चार पौंडी तंगूस (गळाची नायलॉनची बारीक दोरी) ही नुसती हौस आहे, तो तुटला की गळ माशाच्या तोंडात राहतो. आणि तिसरं, माझा लेख वाचून तुम्ही एप्रिलमधल्या एका रविवारी लेकीला घेऊन गेलात, दोन फूट पाण्यात तीन तास गळ टाकून बसलात आणि बुच एकदाही हललं नाही.

शेवटचं आधी घेते. नऊ वर्षांची पोर तीन तास थंडीत बसून हात हलवत परत आली, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

तुम्ही तपशील भरपूर दिलाय म्हणून बोलता येतं. सकाळी आठची वेळ, आदल्या रात्री पारा गोठणबिंदूजवळ गेलेला आणि तुम्ही तळ्याच्या दक्षिण काठावर, झाडांच्या सावलीतल्या धक्क्यावर. एप्रिलमध्ये हे मासे उथळात येतात ते अंडी घालायला नाही. बर्फ वितळल्यावर ऊब आणि खाणं जिथे आधी मिळतं तिथे ते येतात. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून उत्तरेकडचा काठ आधी तापतो. त्यातही तळाशी काळा गाळ असलेला, वाऱ्यापासून आडोशाला असलेला कोपरा सगळ्यात आधी. गाळातल्या अळ्या तिथे आधी हालचाल करू लागतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. पण हे सगळं दुपारी घडतं. रात्री उथळ पाणी सगळ्यात आधी निवतं, आणि सकाळी आठला तेच मासे बाहेरच्या सहा-आठ फुटांत गप्प असतात.

मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहते. इथल्या मोनोना बेमध्ये गेल्या एप्रिलच्या मध्यावर दुपारी चारला दोरीला थर्मामीटर बांधून दोन जागा मोजल्या होत्या. मोकळ्या पाण्याकडे ४९ अंश फॅरनहाइट, लव्हाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ५६. चालत गेलं तर दोन मिनिटांचं अंतर. आतल्या कोपऱ्यात तासाभरात नऊ मासे लागले, बाहेर एकही नाही. माझ्या लेखात ‘दोन फूट’ होतं, पण किती वाजताचे आणि कुठल्या काठाचे ते नव्हतं. ही चूक माझी. स्वच्छ ऊन पडलेल्या सलग दोन-तीन दिवसांनंतर, दुपारी तीन ते मावळतीपर्यंत, उत्तर काठावर, असं लिहायला हवं होतं.

आता सामान. तुम्ही लाल-पांढरं गोल बुच वापरलंत, लिंबाएवढं. गळ ४ नंबरचा आणि त्यावर अर्धं मोठं गांडूळ. ब्लूगिल चावा घेऊन ओढत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि समोरचं पाणी आमिषासकट आत खेचतो. खेचलेल्या पाण्याबरोबर आमिष सहज आत गेलं नाही, वर मोठं बुच अडून राहिलं, की तो तेवढ्याच चपळाईने थुंकतो. म्हणजे कदाचित त्या दिवशी कुणी तोंड लावलंही असेल, पण लिंबाएवढ्या बुचाला ते कळणं शक्य नव्हतं.

मी वापरते ते बुच पेन्सिलीच्या तुकड्याएवढं बारीक आणि लांबट. घरी बादलीत पाणी घेऊन बसायचं. गळाच्या वर वीतभर अंतरावर लहान छर्रा दाबायचा, मग दुसरा. बुचाचा फक्त रंगीत शेंडा, करंगळीच्या नखाएवढा, पाण्यावर राहील इतपत वजन वाढवत जायचं. असं साधलेलं बुच दोन गोष्टी दाखवतं. मासा खाली नेतो तेव्हा ते बुडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मासा आमिष घेऊन वर उठतो तेव्हा छऱ्यांचा भार हलका होतो, बुच वर येतं आणि आडवं पडतं. नवशिक्याला वाटतं, दोरी ढिली झाली. तेव्हाच दांडा हलकेच उचलायचा असतो. क्रॅपीच्या बाबतीत तर हे फार होतं, कारण क्रॅपी खालून वर बघत खातो. त्याच्यासाठी आमिष तो असेल त्यापेक्षा थोडं वर ठेवायचं, खाली गेलं तर तो वळून बघत नाही. आणि झटका द्यायचा नाही. त्याच्या ओठाच्या कडेची कातडी कागदासारखी पातळ असते, झटक्याने फाटते.

छर्रे शिशाचे घेऊ नका. पाण्यात पडलेलं शिसं लून नावाचे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात. कथिलाचे छर्रे मिळतात, थोडे महाग पडतात.

गळ ८ किंवा १० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), बारीक तारेचा, लांब दांडीचा. दांडी लांब असली की खोल गिळलेला गळ चिमट्याने धरता येतो. गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करते. आमिष एकच वॅक्सवर्म, म्हणजे मेणपतंगाची पांढरी अळी, नाहीतर गांडुळाचा नखाएवढा तुकडा. एवढंसं बघून सुरुवातीला हात आखडतो, पण ब्लूगिलचं तोंड तरी केवढंसं असतं!

तंगुसाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. चार पौंडी तंगूस म्हणजे साधारण पावणेदोन किलोचा ताण सोसणारा. चांगला पंजाएवढा ब्लूगिलसुद्धा क्वचितच अर्ध्या पौंडावर जातो. एवढ्या माशाने तंगूस तुटत नाही. तुटतो तो गाठीपाशी, कारण गाठ आवळण्याआधी ओली केलेली नसते आणि घर्षणाने तंगूस तिथेच भाजतो. किंवा शेवटचा हातभर दगडाला घासून चरे पडलेले असतात आणि आपण तो कापून नव्याने बांधायचा कंटाळा करतो. बोटाच्या नखावरून तंगूस ओढून बघा, चरा लगेच लागतो. मी दर तासाला बघते.

बारीक तंगूस घ्यायचं कारण वजनात आहे. १/३२ औंसाचा जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला छोटा गळ, एक ग्रॅमचाही नसतो. आठ पौंडी जाड तंगूस रिळावरून सुटला तरी वेटोळी सोडत नाही, आणि एवढंसं वजन ती वेटोळी सरळ करू शकत नाही. मग जिग पडायला हवा तिथे पडत नाही, आणि माशाचा धक्का त्या वेटोळ्यांतच जिरून जातो. साडेपाच फुटांचा लवचीक दांडा, लहान रीळ आणि चार पौंडी तंगूस, एवढं असलं की हलका जिग तीस फुटांवर जातो. उथळ पाण्यात तेवढं लांब राहणं गरजेचं असतं. दोन फूट पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस दिसतो, त्याची सावली दिसते, धक्क्यावर आपटलेला बूट जाणवतो. मी गुडघ्यावर बसते. आजोबा वाशिष्ठीच्या काठी गरवायला न्यायचे तेव्हा पहिली अट हीच असायची, पाय आपटायचा नाही. दांडा बांबूचा होता आणि आमिष काडवांचं, म्हणजे गांडुळांचं. बाकी काही फार वेगळं नव्हतं.

आता पहिला मुद्दा.

तुम्ही वलगण म्हणता, आम्ही चिपळूणकडे चढण म्हणतो. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळांना पाणी येतं, गाबोळीने पोट फुगलेले मासे नदीतून शेतात चढतात आणि ओहोळाच्या तोंडाशी बांध घालून किंवा पाग टाकून माणसं ते टोपल्यांनी उचलतात. पुढच्या वर्षीचं बी आपण त्याच रात्री कालवणात घालतो. त्यावर तुम्ही बोलता, पोरांना अडवता, याबद्दल मला तुमचा मनापासून आदर वाटतो.

ब्लूगिलची विण वेगळी असते आणि नुकसानही वेगळं होतं. पाणी ६७-६८ अंश फॅरनहाइटपुढे गेलं, म्हणजे आमच्याकडे साधारण मेअखेर, की नर एक ते चार फूट पाण्यात शेपटीने तळ झाडून परातीएवढे खळगे करतात. एकाला लागून एक, कधी पन्नास-साठ. पोलराइज्ड चष्मा लावला तर काठावरून ती अख्खी वस्ती दिसते. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढे अंडी फुटून पिल्लं पोहू लागेपर्यंत, आठवडाभर, नर राखण करतो. कल्ल्यांजवळच्या परांनी पाणी हलवून अंड्यांना वारा घालतो आणि जे जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. या दिवसांत तो खातही फारसा नाही. तुमचा गळ तो तोंडात घेतो ते भुकेने नव्हे, घरट्यात काहीतरी शिरलं म्हणून. म्हणूनच त्या दिवसांत तो कुणालाही, कसल्याही सामानावर लागतो.

सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये मी असाच एक नर उचलला. छाती तांब्याच्या भांड्यासारखी लाल, कानावरचा काळा ठिपका मोठा, साडेआठ इंचांचा. गळ काढून, मोजून, फोटो घेऊन सोडेपर्यंत दीड-दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात मी खळग्याकडे पाहिलं. पंधरा-वीस बारकी पिल्लं आणि एक पर्च डोकं खाली, शेपटी वर करून त्या खळग्यात तुटून पडली होती. मी नर सोडला. तो क्षणभर माझ्या पायाशी थांबला आणि मग सरळ त्या खळग्यावर गेला. पिल्लं पांगली. अंडी किती उरली असतील ते मला वरून दिसत नव्हतं. त्या दिवसापासून मी घरट्यांवर गळ टाकत नाही. पण मार्चच्या लेखात ‘खळगे दिसले की समजा मासे मिळालेच’ हे वाक्य मी लिहिलं, आणि या प्रसंगाचा एक शब्दही लिहिला नाही. नव्या माणसाला पहिला मासा लवकर मिळावा एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तुमचा राग रास्त आहे.

फक्त एका गोष्टीत मला भर घालायची आहे. वलगणीत मासे संपतात. ब्लूगिलचे मोठे नर उचलले तर तळं रिकामं होत नाही, उलट माशांनी भरलेलंच राहतं, पण सगळे चार-पाच इंचांचे. याचं कारण नरांच्या वाढीत आहे. ऑन्टारियोतल्या ओपिनिकॉन तलावावर मार्ट ग्रॉस यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं की राखण करणारे नर वयात यायला सात वर्षं घेतात, आणि काही नर दुसऱ्याच वर्षी वयात येऊन, घरटं न बांधता, चोरून दुसऱ्याच्या खळग्यात शिरतात. मोठे नर पाण्यात असले की लहान नराला घरट्याची चांगली जागा मिळत नाही, म्हणून तो थांबतो आणि वाढत राहतो. मोठे गेले की थांबायचं कारणच उरत नाही. तो लहानपणीच विणीला लागतो, आणि शरीराची सगळी ताकद तिकडे गेली की वाढ खुंटते. आमच्या थंड पाण्यात आठ इंचांचा ब्लूगिल सात-आठ वर्षांचा असू शकतो. असे वीस नर एका शनिवारी बादलीत गेले तर ते तळं पुन्हा तसं व्हायला किती उन्हाळे जावे लागतील याचा विचार करा.

सरकारी नियमही आता इकडे वळलेत. विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक पाण्यांवर दिवसाला सगळी पॅनफिश मिळून २५ नेता येतात, पण ठरावीक तलावांवर मे आणि जूनमध्ये १५च, आणि त्यात एका जातीचे ५ पेक्षा जास्त नाहीत. मिनेसोटात सनफिशची, म्हणजे ब्लूगिल, पंपकिनसीड वगैरेंची, सर्वसाधारण मर्यादा २० आहे, निवडक तलावांवर १० किंवा ५.

तेव्हा ‘वसंतात उथळ पाण्यात जाऊच नका’ असं मी म्हणणार नाही. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा, घरटी व्हायच्या आधी, हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात सुंदर काळ आहे. तेव्हा घरी न्यायचे तर सहा ते सात इंचांचे मोजके न्या. आठच्या वरचा, लाल छातीचा, ओल्या हाताने धरून परत सोडा. खळगे दिसले की दांडा खाली ठेवा आणि लेकीला चष्मा द्या. नराला परांनी वारा घालताना पाहिलं की ती तासभर हलणार नाही, माझी भाची हलली नव्हती.

‘खळगे दिसले की’ हे वाक्य मी आज लेखातून काढलं आहे आणि त्या जागी वेळ, काठ आणि हा घरट्यांचा मजकूर घातला आहे. तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदल केला, असंही तिथे लिहिलंय.

मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडिसनला येणं जमलं तर जरूर या. सोळा वर्षांखालच्या मुलांना इथे परवाना लागत नाही, तुम्हाला एका दिवसाचा घेता येईल. लेकीच्या उंचीला बसेल असा पाच फुटी दांडा माझ्याकडे आहे, आणि साधलेली बुचं डबाभर आहेत. दुपारी तीनला निघू, त्याआधी नको.