तौसुग हे अरबांचे वंशज आहेत काय?

फिलिपीन्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या सुलू बेटांवरील तौसुग लोकांविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तौसुग हे इस्लामबरोबर आलेल्या अरबांचे वंशज आहेत, त्यांची भाषा मलायचीच एक बोली आहे आणि मिंदानाओ या दक्षिणेकडील मोठ्या बेटावरचे व आसपासचे सारे 'मोरो' म्हणजे मुसलमान एकाच वंशाचे आहेत, असा त्याचा आशय आहे.

वंशाच्या मुद्द्याला आधार दिला जातो तो 'तारसिला' या पारंपरिक वंशावळींचा. सुलूचा पहिला सुलतान शरीफुल हाशिम याचे मूळ त्यांत अरबस्तानापर्यंत नेलेले आहे, हे खरे. मात्र ती एका राजघराण्याची वंशावळ आहे, साऱ्या समाजाची नव्हे. शिवाय त्याच परंपरेनुसार या सुलतानाने सुलूतील होलो बेटावर आधीच सत्ता असलेल्या राजा बगिंदाच्या मुलीशी विवाह केला, आणि खुद्द बगिंदा सुमात्राहून आला तेव्हाही तेथे बुरानुन, तगिमाहा, बकलाया हे समूह नांदत होते. ज्या कागदाचा दाखला द्यायचा, तोच दाव्यावर उलटतो.

भाषेचा पुरावा याहून भक्कम आहे. सात, आठ, नऊ यांना तौसुगमध्ये पितु, वालु, सियाम म्हणतात. मध्य फिलिपीन्समधील सेबू बेटाच्या विसायन भाषेत पितो, वालो, सियाम. मलायमध्ये मात्र तुजुह, दलापान, सम्बिलान. जुने अंक दूरदूरच्या भाषांतही टिकून राहतात, त्यामुळे एवढ्यावर नाते सिद्ध होत नाही. परंतु अधिक व्यापक तुलना करून अभ्यासकांनी तौसुगला ईशान्य मिंदानाओतील बुतुआनोन आणि सुरिगाओनोन या भाषांच्याच शाखेत बसवले आहे. तौसुगांचे पूर्वज अकराव्या ते तेराव्या शतकांच्या सुमारास बुतुआनच्या बाजूने व्यापारानिमित्त होलोला आले असावेत, हा तर्क त्यावरच उभा आहे. अरबी शब्द आणि अरबीवर आधारित जावी लिपी ही नंतरची भर होय.

अर्थात, 'तौसुग म्हणजे केवळ धर्मांतरित विसायन' हे उत्साही प्रत्युत्तरही अपुरेच आहे, कारण सुलूत आधीपासून राहणाऱ्या समा लोकांशी त्यांचा दीर्घ संबंध आला आणि त्याचा ठसा तौसुग भाषेवर स्पष्ट दिसतो.

'मोरो' हे नाव स्पॅनिशांनी मुसलमानांना सरसकट दिले, म्हणजे ते एका वंशाचे नाव नव्हे; पुढे ते राजकीय ओळख म्हणून अभिमानाने स्वीकारले गेले, आणि त्यात अग्रभागी असलेले बंडखोर नेते नूर मिसुआरी सुलूचेच. तरीही 2019 च्या सार्वमतात सुलू प्रांताने मोरोंसाठीच्या बांगसामोरो स्वायत्त प्रदेशाच्या कायद्याविरुद्ध कौल दिला आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रांताला प्रदेशातून वगळले.