‘गिअरबॉक्स गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो किंवा रॅपिड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कधीतरी हे वाक्य येतं: “साहेब, गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल.” कोटेशन अर्थातच लाखांत. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या एवढ्या वाक्यावर गाडी उघडायला देऊ नये.

यातला सात गिअरचा डीक्यू २०० हा गिअरबॉक्स म्हणजे तीन वेगळी दुखणी एका खोक्यात: दोन कोरडे क्लच, आतले गिअर-शाफ्ट आणि मेकाट्रॉनिक, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच आणि गिअर हलवणारं कंप्युटरवालं युनिट. गिअर-शाफ्ट त्या मानाने कमी जातात. बहुतेक वेळा दुखणं क्लचचं किंवा मेकाट्रॉनिकचं असतं आणि त्यासाठी अख्खा बॉक्स बदलायची गरज नसते.

मेकाट्रॉनिकमध्ये एक इलेक्ट्रिक पंप तेलाचा दाब साधारण ६० बारपर्यंत नेतो, तो अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठतो आणि पंप थांबतो. दाब ४० च्या आसपास उतरला की पंप पुन्हा चालू. दिवसभर हेच. अ‍ॅक्युम्युलेटर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आट्यांवर बसतो, तिथला धातू पातळ आहे. वर्षानुवर्षं दाबाची चढउतार सोसून तिथे तडा जातो, तेल पाझरतं, दाब काही धरत नाही. पंप मग पळतच राहतो, शेवटी फ्यूज उडतो किंवा कंप्युटर पंप बंद करतो. डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकतात आणि गाडी सिग्नलवरच बसते. स्कॅनमध्ये (कंप्युटर जोडून बिघाडाचे कोड वाचताना) पी१७बीएफ किंवा पी१८९सी हा कोड दिसला तर संशय सरळ इथे घ्यायचा. या हाउसिंगचा जाड धातूचा दुरुस्ती संच मिळतो आणि तो अख्ख्या मेकाट्रॉनिकच्या मानाने फारच स्वस्त पडतो. भंगारातलं मेकाट्रॉनिक मात्र नको. त्याचं हाउसिंगही तेवढंच जुनं, तडा उद्या तिथेही जाणार.

पंप कानाने तपासता येतो. इंजिन बंद, आजूबाजूला शांतता, इग्निशन ऑन. काही सेकंद बारीक घूं आवाज येऊन थांबला तर ठीक. गाडी ‘पी’मध्ये नुसती उभी असताना तो थोड्या थोड्या वेळाने परत येत असेल तर दाब टिकत नाहीये. पुढच्या बाजूने, खालून टॉर्च मारून तेलाचा ओलावाही बघा. मेकाट्रॉनिकचं तेल जेमतेम एक लिटर आणि गिअरचं साधारण पावणेदोन लिटर, दोन्ही वेगवेगळी. “ऑइल टॉपअप करून बघू” म्हणणाऱ्याला आधी कोणतं ते विचारा.

गिअर निम्मेच गेले असतील तर तीही खूण आहे. १, ३, ५, ७ एका क्लचवर. २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात गाडी थरथरते, बाकी सगळं ठीक चालतं, तर आधी क्लच बघायचा. क्लच बसवताना दोन्हींचा गॅप मोजून योग्य जाडीची शिम (पातळ चकती) घालावी लागते आणि नंतर कंप्युटरवर बेसिक सेटिंग करावं लागतं. खास टूल नसलेल्या गॅरेजने अंदाजाने बसवला तर नवा क्लचही थरथरणारच.

या सगळ्याआधी बॅटरी तपासा, हसू नका. बॅटरी कमजोर असली की खोटे कोड येतात. मग स्कॅन, आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो. अनेक कोडसोबत ते किती किलोमीटरला आले तेही साठलेलं असतं. गाडी बंदच पडली असेल तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा.

२०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या याच बॉक्सच्या कामासाठी परत बोलावल्या होत्या. सिंथेटिक तेलाने आत शॉर्ट होण्याचा धोका होता, म्हणून मिनरल तेल घालून दिलं. त्याआधीची गाडी घेत असाल तर हे काम झाल्याची नोंद मागा.

आणि अजून घेतलीच नसेल तर इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. अर्धा-पाऊण तास गर्दीत चालवा, चढावर रिव्हर्स घ्या आणि स्कॅन शेवटी करा, कारण सकाळी पुसलेले कोड तोवर परत आलेले असू शकतात. डीलर वॉरंटी देत असेल तर ‘गिअरबॉक्स’ या शब्दात मेकाट्रॉनिक येतं का, ते लेखी घ्या. क्लच बहुतेक वेळा झिजणारा पार्ट म्हणून वगळलेलाच असतो. नेहमीच्या विम्यातही अशा झिजेचे पैसे मिळत नाहीत.