पार्टी आहे की वेटिंग रूम?

दर वेळी तेच. हौसेने पंधरा माणसं बोलवायची, आणि ऑफिसवाले सोफ्यावर, कॉलेजवाले बाल्कनीत, उरलेले भिंतीला टेकून. मी मधल्या मधे ट्रे घेऊन वेड्यासारखी फिरतेय! "अगं, हिला भेट, हीसुद्धा ट्रेकला जाते." दोघी गोड हसतात, "हो का?" म्हणतात, आणि माझी पाठ वळली की मोबाइल बाहेर.

गेल्या खेपेला अर्ध्या खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. म्हटलं, उभे राहिले तर निदान इकडेतिकडे सरकतील. तर एक महाशय बेडरूममधून खुर्ची शोधून घेऊन आले आणि नेमकी कोपऱ्यात लावून बसले. गाण्यांचा आवाज कमी केला, तर शांतता जास्तच बोचायला लागली.

गप्पा रंगल्या कुठे, तर स्वयंपाकघरात! बर्फ काढायला पाठवलेले दोन अनोळखी जीव ओट्यापाशी अर्धा तास खिदळत होते. (बर्फ अर्थातच वितळला.)

आणि निघताना दारात चप्पल घालता घालता ऑफिसातली एक म्हणते, "तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणी छान वाटल्या गं. ओळख नाही करून दिलीस!"