झायोनिझम उजवा, पण कधीपासून?

एकच फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. आशय असा: झायोनिझम (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारण्याची चळवळ) मुळातच उजवा, डाव्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून विरोध केला, आणि इस्रायलचे उजवे जमिनीचा तुकडाही सोडत नाहीत. एका ग्रुपवर तो कौतुकाने टाकला होता, दुसऱ्यावर शिवी म्हणून. चूक दोन्हीकडे तीच.

‘मुळातच उजवा’ म्हणायचं तर मोझेस हेसचं काय करायचं? मार्क्सचा हा एकेकाळचा सहकारी. थिओडोर हर्झलने झायोनिझमची पहिली परिषद बाझलला भरवली त्याच्या ३५ वर्षं आधी, १८६२ साली, त्याने ज्यूंच्या समाजवादी राष्ट्राची कल्पना मांडली. पुढे पॅलेस्टाइनमध्ये प्रत्यक्ष बांधणी केली ती किबुत्झनी, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्यांनी, आणि १९२० मध्ये हैफात स्थापन झालेल्या हिस्ताद्रुत या कामगार युनियनने. युनियन म्हटलं की आपल्याला गेटवरची सभा आठवते; या युनियनचे स्वतःचे दवाखाने, बांधकाम कंपनी आणि बँक होती. इस्रायलच्या १९४९ च्या पहिल्या निवडणुकीत १२० पैकी पहिले पंतप्रधान बेन-गुरियनच्या समाजवादी मापाई पक्षाला ४६ जागा, त्याहून डाव्या मापामला १९, आणि बेगिनच्या उजव्या हेरुतला १४.

उजवे होतेच. झाबोटिन्स्की या उजव्या झायोनिस्ट नेत्याने १९२५ मध्ये वेगळा पक्ष काढला होता. पण डाव्या-उजव्यांत किती सख्य होतं ते जून १९४८ मध्ये तेल अवीवच्या किनाऱ्यावर दिसलं. बेगिनच्या इर्गुन या सशस्त्र संघटनेचं शस्त्रांनी भरलेलं जहाज बेन-गुरियनच्या हुकमाने तोफेने पेटवलं गेलं. बेगिन स्वतः जहाजावर होता. या संघर्षात इर्गुनचे १६ आणि सैन्याचे ३ जण मेले. जहाजाचं नाव अल्तालेना, म्हणजे झाबोटिन्स्कीचं टोपणनाव.

‘डाव्यांचा विरोध’ हे अर्धं खरं. ज्यू समाजवाद्यांचा बुंद हा पक्ष बाझलच्याच वर्षी, १८९७ मध्ये, विल्नात जन्मला आणि तो झायोनिझमविरोधीच राहिला. पण विरोधात सनातनी रब्बीही होते. उलट स्टालिनच्या रशियाने इस्रायलला तीन दिवसांत मान्यता दिली आणि चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रं गेली. आपले समाजवादीही १९५३ च्या रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत मापाईबरोबर बसले होते.

जमिनीचा मुद्दा तर पार उलटा पडतो. १९६७ च्या युद्धात जिंकलेल्या भागातल्या पहिल्या वसाहती मापाई आणि पुढे त्यातून बनलेल्या कामगार पक्षाच्या सरकारांच्या काळातल्या. सिनाई इजिप्तला परत दिला बेगिनने. गाझातून वसाहती उठवल्या २००५ मध्ये शॅरॉन या उजव्याच पंतप्रधानाने. (वेस्ट बँकेत मात्र बेगिनने वसाहती झपाट्याने वाढवल्या, तेही विसरू नये.) आणि डावे म्हणजे अरबांशी उदार, असंही नाही. इस्रायलच्या अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता, तो याच समाजवादी सरकारांचा.

मग वारं फिरलं कधी? १९७७ मध्ये. बेगिनच्या उजव्या लिकुडला ४३ जागा, कामगार पक्षाच्या आघाडीला ३२. आदल्या सरकारचे घोटाळे आणि १९७३ च्या युद्धातली गाफिली ही कारणं होतीच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अपमान. मोरोक्को, इराक, येमेनमधून आलेल्या ज्यूंनी तंबू-पत्र्यांच्या छावण्यांत वर्षं काढली आणि समाजवादी युरोपीय साहेबांची तुच्छताही सोसली. १९८१ च्या प्रचारात तेल अवीवच्या चौकात, कामगार आघाडीच्या सभेत, दुदू तोपाझ या विनोदी नटाने लिकुडच्या मतदारांना ‘चाखचाखिम’ म्हटलं. आपल्याकडच्या ‘गावठी’सारखा, पण त्याहून झोंबणारा शब्द. दुसऱ्या रात्री बेगिन त्याच चौकात उभा राहिला आणि म्हणाला, हा शब्द मी आजवर ऐकलाही नव्हता. मग भूमिगत लढ्यात युरोपीय ज्यूंच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या या लोकांची आठवण त्याने करून दिली. निकाल: लिकुड ४८, कामगार आघाडी ४७. एका जागेचा फरक.

फॉरवर्डवाल्याला दिसतो तो २०२२ च्या निवडणुकीनंतरचा इस्रायल. त्या निवडणुकीत डाव्या मेरेत्झला संसदेत पोचण्याइतकीही मतं मिळाली नाहीत, आणि बेन-गुरियनचा वारसा सांगणाऱ्या कामगार पक्षाला मिळाल्या ४ जागा.