दुःख मोजून मिळेल

मूल होत नसलेल्या जोडप्यांचा मानसिक ताण मोजायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून आनंद झाला. फार थोर काम. नुकताच माझाही ताण मोजला गेला आणि तेव्हापासून या शास्त्रात आपलीही थोडी गती आहे, असं मला वाटायला लागलंय. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या कुठल्या दवाखान्यात मोजला ते सांगत नाही. ज्यांना अशा ठिकाणी जावं लागलंय त्यांना नाव न घेताही तो काउंटर डोळ्यांसमोर येईल. तुम्हालाही हे काम आमच्याकडे झालं तसंच उत्तम करायचं असेल, तर पुढच्या सूचना जपून ठेवा.

आधी जागा बघा. वेगळी खोली, बंद दार वगैरे लाड नकोत. वेटिंग रूमच बरी. त्यातही ज्या भिंतीवर जन्मलेल्या बाळांचे फोटो ओळीने लावलेले असतात, तिच्यासमोरची खुर्ची. 'गेल्या काही दिवसांत तुम्हाला किती वेळा निराश वाटलं?' हे वाचून मान वर केली की समोर गुटगुटीत पाय दिसायला हवेत. शेजारच्या बाई वाकून आपला फॉर्म वाचत असतील तर वाचू द्या, त्यांनाही पुढे भरायचाच आहे, तेवढीच तयारी होते. फॉर्म अर्ध्यात आला की नाव पुकारा, आडनावासकट. आणि कागद हातातून घेताना म्हणा, "राहू दे हो मॅडम, उरलेलं मी टिक करते." (हे वाक्य मी रचलेलं नाही. इतकं चांगलं मला सुचतही नाही.)

हे सगळं कशासाठी विचारताय ते चुकूनही सांगू नका. कोणी विचारलंच तर "प्रोसिजर आहे" म्हणा. मग गंमत बघा. समोरच्या बाईला वाटतं, फॉर्म जास्त रडका भरला तर उपचारांची पुढची फेरी, म्हणजे सायकल, लांबवतील, 'आधी मन खंबीर करून या' म्हणतील. ती परीक्षेला बसल्यासारखी सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण करते. असे शंभरेक कागद जमले की छापायला मोकळे: आमच्याकडे येणाऱ्या दांपत्यांचं मनःस्वास्थ्य उत्कृष्ट आहे.

प्रश्नावली कुठली घ्यावी यावर फार डोकं चालवू नका. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ आहेच. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, ० ते २७ गुण, दोन मिनिटांत काम तमाम. प्रश्नावलीत काही खोट नाही, ती जगभर वापरतात. मजा ती कधी द्यायची यात आहे. झोप लागते का, भूक कशी आहे, थकवा येतो का, लक्ष लागतं का, असं ती विचारते. म्हणून ती नेमकी त्याच आठवड्यात द्या, जेव्हा बाईला रोज हार्मोनची इंजेक्शनं चालू असतात, पोट फुगलेलं असतं आणि सकाळच्या सोनोग्राफीसाठी ती उजाडायच्या आत उठलेली असते. गुण भराभर येतात. त्यातले औषधाचे किती आणि मनाचे किती, हे विचारायला तिथे कोणी नसतंच.

या भानगडीची कल्पना लोकांना १९८३ पासून आहे. झिग्मंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी चिंतेचे सात आणि नैराश्याचे सात अशा चौदाच प्रश्नांची प्रश्नावली केली आणि शरीराच्या तक्रारी मुद्दाम बाजूला ठेवल्या, म्हणजे आजाराचे गुण मनाच्या खात्यावर पडायला नकोत. पण इतकं जुनं कोण वाचतं?

याच विषयासाठी बनवलेल्या प्रश्नावल्या तर अजिबात नकोत. एक १९९९ची आहे, न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, ४६ प्रश्नांची. ती नातेवाइकांत बसणं, शरीरसंबंध, नवरा-बायकोतलं नातं, आईबाप होण्याची ओढ आणि मुलाविना जगण्याची कल्पना, हे सगळं वेगवेगळं विचारते. म्हणजे एखादी बाई झोपते, जेवते, ऑफिसात हसते, कुठल्याही सामान्य चाचणीत ठणठणीत ठरते, पण बहिणीची गुड न्यूज आली की फोन उलटा करून ठेवते, ही गोष्ट त्या कागदावर उमटायची शक्यता असते. काय करायचंय उमटवून?

त्याहून धोकादायक फर्टीक्वॉल, मूल होत नसताना जगणं कितपत बरं चाललंय ते मोजणारी. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या मोठ्या संस्थांनी मिळून केलेली, २०११ साली प्रसिद्ध झालेली, ३६ प्रश्नांची. फुकट मिळते, कितीतरी भाषांत मिळते, म्हणजे पैसे नव्हते ही सबबही चालत नाही. पण तिच्यातले दहा प्रश्न उपचारांबद्दल आहेत. आपल्यावर काय गुदरतंय हे इथल्या कर्मचाऱ्यांना कळतं असं वाटतं का? इथे मिळणारी वागणूक, माहिती, मानसिक आधार पुरेसा वाटतो का? बघा म्हणजे! मोजायला निघालो आम्ही पेशंटला आणि हा कागद आमचंच माप काढतो. असली अगोचर प्रश्नावली दाराबाहेर ठेवलेली बरी.

बाय द वे, फर्टीक्वॉलमध्ये गुण जास्त म्हणजे माणूस बरा, बाकी बहुतेकांत गुण जास्त म्हणजे वाईट. दोन्हींची बेरीज करून टाका.

वेळ नेहमी पहिल्या दिवसाची धरा. त्या दिवशी सगळ्यांना आशा असते, कपडे इस्त्रीचे असतात. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ पोटात सोडल्यावर, बीटाच्या (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टची वाट बघताना मोजायच्या फंदात पडू नका. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर तर नकोच, कारण त्यातले बरेच जण पुन्हा येतच नाहीत. पैशाची अडचण नसतानाही लोक उपचार मध्येच सोडतात आणि त्यामागे मनाचा थकवा हे मोठं कारण असतं, असं संशोधनात वारंवार दिसलंय. पण जे आलेच नाहीत त्यांचा फॉर्म नाही, आणि ज्याचा फॉर्म नाही त्याला ताणही नाही.

आता नवरा. विषयाच्या नावातच 'जोडपं' असल्यामुळे हा माणूस आडवा येतो. त्याला टाळायचे उत्तम मार्ग आमच्याकडे बघायला मिळाले. फॉर्म एकच आला, वर 'पेशंटचे नाव' आणि पुढे माझं नाव आधीच लिहिलेलं. यानं विचारलं, "मी पण भरायचा का?" तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "नाही सर, पेशंट मॅडम आहेत." फाइलमध्ये जो रिपोर्ट वाईट होता तो सरांचा होता. पण पेशंट मॅडम. पुरुषाचं कारण, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीनं, जवळपास निम्म्या जोडप्यांत असतं. हे त्याच दवाखान्याच्या माहितीपत्रकात छापलंय, मी वाट बघताना तीनदा वाचलंय. तरी पेशंट मॅडम. यानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यालाही एक झेरॉक्स मिळाली. माझ्याच फॉर्मची. 'पाळी आल्यावर तुम्हाला रडू येतं का?' त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं 'कधीच नाही' वर खूण केली. पुढच्या सगळ्यावरही 'कधीच नाही'. मी शेजारीच, खांद्याला खांदा लावून बसलेले, मग तो माणूस दुसरं काय लिहिणार? मी बघतेय म्हटल्यावर तो माझ्यासाठी खंबीर झाला आणि तो बघतोय म्हणून मीही दोन खुणा खोडून अलीकडे सरकवल्या. अशा रीतीनं दोन माणसांनी एकमेकांना धीर देत दोन खोटे कागद तयार केले.

याच माणसाला आदल्या खेपेला हातात बरणी देऊन एका खोलीत पाठवलं होतं. बाहेरून दारावर थाप, "सर, झालं का? मागे लोक थांबलेत." त्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती. घरी आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. हे कुठल्या रकान्यात टाकू?

आणि एवढं झाल्यावर दोघांच्या गुणांची सरासरी काढली. दांपत्याचा ताण म्हणून एकच आकडा, गोल करून. नवऱ्याच्या आणि बायकोच्या चपलांच्या मापांची सरासरी काढून दोघांनाही त्याच मापाचे जोड द्यावेत, तसं. अहो, बायको बुडतेय आणि नवरा कोरडा दिसतोय, तर त्या दोघांमधलं अंतर हीच तर बातमी आहे! एकाला हे आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट वाटतं आणि दुसऱ्याला 'होईल, घाई काय' वाटतं, घरातली निम्मी भांडणं तिथेच असतात. एकाच्या ताणाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे दोघांचे आकडे वेगळे ठेवून बघायच्या पद्धती संख्याशास्त्रात कधीच्या आहेत. पण त्यासाठी दोन फॉर्म लागतात. दोन खुर्च्या लागतात, एकमेकींपासून लांब. झालंच तर दोन पेनं. आमच्याकडे पेन एक होतं, तेही दोऱ्यानं बांधलेलं.

ताणाचा आकडा हाती आला की तो तिच्याच माथी मारा. "मॅडम, ताण फार घेता तुम्ही, म्हणून राहत नाहीये. रिलॅक्स व्हा." २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास आणि ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिलेलं छापून आलं: उपचारांआधी असलेल्या मानसिक ताणाचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध दिसला नाही. छापलं असेल. आपण आपलं सांगत राहावं. नाही तरी निगेटिव्ह रिपोर्टचं कारण कोणाला तरी द्यायलाच लागतं आणि ती समोरच बसलेली असते.

आता शेवटची सूचना. ही माझा ताण मोजणाऱ्या त्या दवाखान्यालाच. तिच्यासाठी हसरा सूर लावून बघितला, लागत नाही.

पीएचक्यूचा नववा प्रश्न असा आहे: आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात आले का? कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली. नवरा तेव्हा पाणी आणायला गेला होता, म्हणून करता आली. खरी होती ती खूण. कागद ताईंनी घेतला, स्टेपल केला, फाइलमध्ये सोनोग्राफीच्या मागे लावला. आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल उघडली, फॉलिकलचं, म्हणजे स्त्रीबीज वाढतं त्या पिशवीचं, माप बघितलं आणि म्हणाले, "छान रिस्पॉन्स आहे." पुढची तारीख दिली. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, तो ट्रिगरच्या, म्हणजे स्त्रीबीजं पिकवायच्या शेवटच्या इंजेक्शनच्या, वेळेबद्दल. मी बरी आहे. मी माझ्या मैत्रिणीशी बोलले आणि तिनं मला योग्य माणसाकडे नेलं. पण ती मैत्रीण तुमच्या स्टाफवर नाही, ती माझी होती. जिला अशी कोणी नाही तिचं काय?

लाज वाटत नाही का? माणसाला कागदावर असला प्रश्न विचारायचा, त्यानं धीर करून उत्तर लिहायचं, आणि तुम्ही ते न बघता पंच मारून फाइलला लावायचं? वाचायचं नव्हतं तर विचारलंत कशाला? तुमच्या संशोधनासाठी? दाराच्या पाटीवर 'समुपदेशन उपलब्ध' लिहिता यावं म्हणून? काउन्सेलर आठवड्यातून एकदा येते म्हणता, तर फॉर्म त्या दिवशी द्या. नववा प्रश्न जिने हातात घेतला तिने तो तिथेच, उभ्या उभ्या, वाचायचा, आणि 'कधीच नाही' सोडून दुसरं काही दिसलं तर ते माणूस इमारतीतून बाहेर पडायच्या आत दार लावून त्याच्याशी बोलायचं. नवऱ्याला त्याचा स्वतःचा फॉर्म द्यायचा, त्याचं स्वतःचं नाव लिहून. पुन्हा विचारायचं, रिपोर्ट आल्यावर विचारायचं, जे यायचे थांबले त्यांना फोन करून विचारायचं. यातल्या एकाही गोष्टीला नवं मशीन लागत नाही, आणि मशीन लागलं असतं तर तुम्ही ते केव्हाच घेतलं असतं.

माझी फाइल तुमच्याकडेच आहे. सोनोग्राफीच्या मागचा कागद काढा आणि आज वाचा. मग माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या फाइली काढा.